पाकोळीची उडी

चाहत्यांचा निषेधाचा ट्रक तिसऱ्या दिवशीही गेम कंपनीच्या दारात उभा होता. त्याच्या पाठीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल अक्षरं सरकत होती : "बान सोरा, पाकोळीचे पंख परत दे." शेजारी पांढऱ्या शेवंतीची सहा पुष्पचक्रं मांडली होती, मयताच्या घरी पाठवतात तसली. एकावर सोराचं नाव होतं, वयासकट.

नामगुंग ह्योकने चाहत्यांसाठी त्या पुष्पचक्रांचा फोटो काढला आणि तो आत शिरला. मागून त्याचे प्रशिक्षक मेंग सर, सगळ्यांसाठी आणलेली थंड कॉफी सांभाळत.

सात वर्षं ह्योक कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत एकच पात्र खेळत आला होता. पाकोळी. एका दमात तीन उड्या मारणारी, कुणाच्या हाती न लागणारी पोर. तिच्या जिवावर त्याने दोनदा चषक उचलला होता. या उन्हाळ्यात मात्र ती मार खायला लागली, तीसुद्धा कालपरवाच्या खेळाडूंकडून. ह्योकने थेट प्रक्षेपणात सांगून टाकलं की कंपनीने गुपचूप तिची उडी बिघडवली आहे. पात्रांचा समतोल राखायचं काम सोराच्या गटाकडे, तेव्हा त्याने नाव घेऊन तिच्यावर खापर फोडलं. पुढचं चाहत्यांनी पाहिलं. तिच्या आईच्या लोणच्यांच्या दुकानाचा नंबरसुद्धा त्यांनी हुडकून काढला, आणि दिवसभर तिथे फोन करून ते हसत राहायचे.

संघाच्या मालकांनी आज संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. पाकोळी बिघडली आहे हे सिद्ध झालं तर ह्योकची जागा कायम. नाही तर त्याने गाशा गुंडाळायचा. सत्ताविसाव्या वर्षी दुसरा संघ त्याला उभा करणार नव्हता, आणि सक्तीच्या सैन्यसेवेचं बोलावणं तर दाराशीच होतं.

"ही चाचणी बंद खोलीत करू या का?" सोराने विचारलं. "तुम्ही, मी आणि मेंग सर. निकाल काहीही लागो, बाहेर जाणार नाही."

"का हो मॅडम, घाम फुटला?" ह्योक हसला. "दोन महिने म्हणताय काही बदललंच नाही. मग बघू दे की लोकांना."

"मी तुमच्यासाठी म्हणत होते."

"माझी काळजी सोडा. तुम्ही दुसरी नोकरी बघितलीत का?"

मेंग सरांनी ओठ दाबून हसू आवरलं. कॅमेरे सुरू झाले. बघणाऱ्यांचा आकडा पाहता पाहता दीड लाखावर गेला.

मागणी ह्योकचीच होती : चांगली पाकोळी आणि बिघडलेली पाकोळी दोन्ही समोर ठेवा, मी डोळे मिटून ओळखतो. त्याप्रमाणे पडद्याआड दोन यंत्रं होती, एकावर निळी पट्टी, एकावर पिवळी. पट्ट्या प्रेक्षकांना दिसत होत्या, ह्योकला नाही. त्याच्या समोरच्या स्क्रीनला कधी हे यंत्र जोडलं जाई, कधी ते; प्रतिस्पर्धी दोन्हीकडे संगणकच चालवत होता. कोणत्या यंत्रावर काय आहे ते सोराने लिहून पाकीट बंद केलं होतं.

"एक सांगते," सुरू करण्याआधी सोरा म्हणाली. "जिला धरताच येत नाही तिच्याशी खेळण्यात समोरच्याला काही मजा नसते. पाकोळीचे पाय थोडे ओढावेत असं माझंही मत आहे. पण ओढले असते तर सांगून ओढले असते."

"भाषण झालं?" ह्योकने बोटं मोडली. "चला."

पहिल्या डावात पाकोळी छपरावरून छपरावर गेली आणि समोरच्याचा वार हवेतच राहिला. "ही खरी," ह्योक म्हणाला. यंत्र निळं होतं.

दुसऱ्या डावात तिची दुसरी उडी सुरू व्हायच्या आत वार बसला. "ही बघा, ही आजारी. पायांत शिसं भरलंय बिचारीच्या." यंत्र पिवळं.

वीस डाव झाले. दहा वेळा निळं जोडलं, दहाही वेळा तो म्हणाला, खरी. दहा वेळा पिवळं जोडलं, दहाही वेळा म्हणाला, आजारी. एकदाही अडखळला नाही. शेवटच्या निळ्या डावात तर त्याने समोरच्याला नुसतं पळवून पळवून दमवलं आणि मग सावकाश मारलं. त्याचं जुनं हसू चेहऱ्यावर परत आलं होतं. मेंग सरांचे डोळे भरून आले.

"वीसपैकी वीस," सोरा म्हणाली. "फरक ओळखण्यात तुम्ही कुठेच चुकला नाहीत."

मालकांचा निरोप आला : शाब्बास, कागद हातात पडला की करार पाठवतो.

सोराने पाकिटावर हात ठेवला. "हे नंतर उघडलं तर चालेल? कॅमेरे बंद झाल्यावर?"

"आता कळलं कसं वाटतं ते?" ह्योक खुर्चीत मागे रेलला. "आईला दुकानात फोन लावा, तिलाही ऐकू दे. सर, तुम्ही वाचा. मोठ्यानं, सावकाश."

सोराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाकीट मेंग सरांकडे सरकवलं. फोन काही तिने लावला नाही.

सरांनी कागद उलगडला. त्यांनी तो आधी मनातल्या मनात वाचला.

"मोठ्यानं, सर," ह्योक म्हणाला.

"पिवळं यंत्र," सरांनी वाचलं, "गेली तीन वर्षं सगळे खेळतात तोच खेळ, काहीही बदल नाही. निळं यंत्र, आठव्या हिश्शाने संथ केलेला खेळ, ज्येष्ठ नागरिक केंद्रातल्या दुपारच्या वर्गासाठी."