सेलूहून आणलेली बाटली

डाव्या पिंजऱ्यातल्या उंदराला प्रयोगशाळेतलं इन्सुलिन टोचलं होतं. उजव्यातल्याला माधवरावांनी सेलूहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या बाटलीतलं. मधुमेह दोघांनाही. आता तासभर थांबायचं, असं सांगून त्यांची भाची सत्यशीला घड्याळापुढं बसली होती. उंदरांच्या साखरेवर इन्सुलिन किती चालतं, हे मोजण्यात तिची परभणीत दोन वर्षं गेली होती. नामांतराच्या बंदमुळं एसट्या उभ्या होत्या, तरी मामा पहाटेच्या पॅसेंजरनं आले होते.

पंखा संथ फिरत होता. लिंबाची सावली खिडकीतून उतरून फरशीवर हळूहळू सरकत होती. माधवरावांचे डोळे जडावले. त्यांना बायको दिसली, नव्या नवरीच्या वयातली, हातात तिळाचा लाडू धरलेली. खाऊ नकोस म्हणायला ते उठले, तर ती नुसती हसली आणि सावलीतून चालत चालत लांब गेली.

सहा महिने इन्सुलिनच्या सुया टोचूनही बायकोची, सुमनबाईंची, साखर उतरत नव्हती. अंग वाळत चाललं होतं, पायाची जखम भरत नव्हती. माधवराव पडले मास्तर. चोरी धरल्याशिवाय त्यांना चैन पडेल का? त्यांनी गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. तिनं शपथा घेतल्या, तर हे म्हणाले, चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी संक्रांतीला तिनं कबूल केलं, की होय, खाते मी चोरून. तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. पण गूळ कुलपात असूनही साखर उतरेना, तेव्हा सत्यशीलानं तिच्या औषधाची बाटलीच तपासायला मागवली होती.

सत्यशीलानं दोन्ही शेपट्यांतून थेंब थेंब रक्त घेतलं. डाव्या उंदराची साखर निम्म्यावर आली होती. उजव्याची होती तिथंच होती.

"मामा, मामीनं काय बी खाल्लेलं न्हाई," ती म्हणाली. "औषधच मेलंय. बाटली कुठं ठेवायलाव?"

"देव्हाऱ्यात," माधवराव म्हणाले. "नंदादीपाजवळ."

प्रत्येक नवी बाटली त्यांनीच हात जोडून तिथं ठेवली होती. दिव्याच्या उबेत इन्सुलिन टिकत नाही, हे तिनं त्यांना हलक्या आवाजात समजावलं.

दिवेलागणीला ते नवी बाटली घेऊन घरी पोचले. ती माठाच्या गारव्यात ठेवून बायकोपुढं बसले. लाजेनं त्यांची मान वर होईना.

"खाल्लं नव्हतंस, तर कबूल कशाला केलंस?"

सुमनबाईंनी पदर सावरला.

"देवाजवळचं औषध खोटं कसं म्हणावं? त्यापरीस म्हटलं, मीच खोटी."