उलटा पीळ

"ती बंद खोली कसली?" मुलीच्या आईने विचारलं.

गिटारवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. आज त्या खोलीचं नावही काढायचं नाही, असं बायकोने सकाळीच दोनदा बजावलं होतं. त्यांचा मुलगा गणिताचा शिक्षक, मुलगी गुणी, दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. घोडं अडलं होतं ते मुलीच्या आईपाशी. तिच्या होकाराशिवाय मुलगी लग्नाला उभी राहणार नव्हती आणि आईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "वाजवणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची तर आधी घर बघीन." आता ती घर बघायला आली होती आणि दोन्ही पोरं तोंडी परीक्षेला बसल्यासारखी खुर्च्यांच्या टोकावर बसली होती.

"काही नाही हो, अडगळ आहे," बायको घाईघाईने म्हणाली.

अडगळ! हे मात्र गिटारवाल्याच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं पोटच्या पोरासारखे सांभाळलेले चौदा ॲम्प्लिफायर, आणि म्हणे अडगळ! तो उठला, खिशातून किल्ली काढली आणि दार सताड उघडलं. बायकोने कपाळाला हात लावला.

गिटारचा आवाज मोठा करणारी ती खोकी तीन भिंतींना लागून उभी होती. सगळी व्हॉल्व्हची, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेली, जुन्या रेडिओसारखी सावकाश तापणारी. काही गिटारवाल्याहून वयाने मोठी, काही एखाद्या कारागिराने घरी बसून महिनोन्‌महिने खपून केलेली. एकदा तोंड सुटल्यावर तो थांबतो कसला? हा गोड बोलतो, तो नुसता गुरगुरतो, त्या कोपऱ्यातल्याला थंडीत अर्धा तास द्यावा लागतो, पण एकदा रंगात आला की ऐकत राहावं. मुलगा मागून खाकरला. गिटारवाल्याने तिकडे काणाडोळा केला.

मुलीची आई ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. आल्यापासून ती चार वाक्यंही बोलली नव्हती. ती कारखान्यात कामाला होती, एवढंच मुलीने सांगितलं होतं. कसल्या कारखान्यात, ते या घरात कुणी विचारलं नव्हतं. खोलीत येणारा प्रत्येक पाहुणा ॲम्प समोरून बघायचा, त्याची बटणं फिरवायचा, जाळीच्या कापडावर हात ठेवायचा. ही बाई प्रत्येकाच्या मागे जाऊन वाकत होती.

"धूळ बघतायत," दाराशी बायको पुटपुटली. "गेलं सगळं मुसळ केरात."

शेवटी गिटारवाला आपल्या लाडक्या ॲम्पपाशी आला. त्याची मागची फळी त्याने मुद्दाम काढून ठेवली होती आणि आत छोटा दिवा लावला होता.

"हे आमचं रत्न. तीन वर्षं मालकाच्या मागे लागलो तेव्हा कुठे मिळालं. या दोन तारा बघा. व्हॉल्व्ह तापवायला वीज नेतात. घूं असा आवाज येऊ नये म्हणून त्या एकमेकींत पिळतात. सगळीकडे पीळ असतो उजवीकडे. याच्यात आहे डावीकडे! मुख्य इंजिनिअरने प्रयोग म्हणून असे मोजके नग काढले होते. मी त्यावर मासिकात लेख लिहिलाय."

मुलीच्या आईने चष्मा पुसला. पुन्हा घातला. वाकून बराच वेळ आत बघत राहिली. मग तिने डाव्या हाताचं बोट त्या तारांवरून, जराही न टेकवता, हळूच फिरवलं.

"इंजिनिअरने नाही," ती म्हणाली. "मी डावखुरी आहे."

गिटारवाला वाकून पुन्हा त्या तारांकडे बघू लागला.

"कारखान्यात या तारा पिळायला आमच्या हॉलमध्ये चाळीस बायका होत्या," ती सांगू लागली. "डावखुरी मी एकटी. सुपरवायझर रोज ओरडायचे, पीळ सरळ घाल म्हणून. पण माझा हात तसाच वळायचा. पुढे त्यांनी नाद सोडला."

गिटारवाल्याच्या डोळ्यांपुढून लेखाची सहा पानं, त्यातल्या तीन आकृत्यांसकट, सरकत गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण झालं उलटंच. त्याला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. इतक्या वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता. ज्या हाताला तो मनातल्या मनात नमस्कार करत आला होता, तो हात मघाशी त्याच्याच घरी चहाचा कप धरून बसला होता. त्याने धावत जाऊन बाहेरची सगळ्यांत चांगली खुर्ची आणली आणि ॲम्पसमोर मांडली.

"बसा ताई. ही खोली आजपासून तुमचीच."

ती बसली. बायकोने अंदाज घेतला आणि लोखंड गरम आहे असं पाहून विचारलं, "मग, पोरांचं काय ठरवायचं?"

मुलीच्या आईने पदराने डोळे टिपले.

"ठरवायचं काय? होऊ द्या लग्न. आम्ही केलेल्या वस्तूचा आतला पीळ जो दिवा लावून बघतो, त्याच्या घरात माझ्या मुलीला कोण दुखवणार?" मग ती गिटारवाल्याकडे वळली. "पण आधी हा वाजवून दाखवा. वाजवून बघायचं काम पलीकडच्या इमारतीत चालायचं, आम्हाला तिकडे जायची परवानगी नव्हती. अठरा वर्षं मी हे ॲम्प केले, पण वाजताना एकही ऐकला नाही."