जुनी डिस्क

"याहून वेगाची नाही का?"

दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. काउंटरवर दोन डिस्क काढून ठेवल्या होत्या, तरी दोघी बहिणींतल्या थोरलीचं समाधान होत नव्हतं.

"मावशी, तुमच्या लॅपटॉपचं वय बघा. ही साबणाच्या वडीएवढी दिसतेय ना, ही बसवली तरी दहा सेकंदांत उठेल. याहून वेगाची म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन."

"दहा सेकंद नक्की?"

"अकरावा लागला तर दुकानाची पाटी उतरवतो."

"मग हीच बसव. आणि जुनी मला परत दे." शिवणकाम करणारी बाई ती, चिंधीसुद्धा टाकत नसे.

त्या लॅपटॉपची कीर्ती काय सांगावी! बटण दाबून थोरली शिलाई मशीनवर बसली, की एक फ्रॉक काजाबटणांसकट तयार व्हायचा आणि पडद्यावर तो पांढरा गोल अजून फिरतच असायचा. एकदा शेजारची मांजर गाभण असताना बटण दाबलं, तर लॅपटॉप उठेपर्यंत तिची पिल्लं उंदीर धरायला लागली होती. थोडं पुढेमागे असेल, मांजरीला विचारून घ्या. सरतेशेवटी एकदाचा 'टिंग' व्हायचा, तेव्हा उठला म्हणायचा.

त्या घरात मात्र याचं कुणाला हसू येत नसे. लॅपटॉप होता भावाचा, परदेशी जाताना टाकून गेलेला. दोघी बहिणींनी मशीन हाणून हाणून या भावाला शिकवलं होतं. धाकटीची नजर त्याच काजांत कुठेतरी गळून पडली, ती काही पुन्हा सापडली नाही. तिला आता भाऊ दिसायचा नव्हता. नुसता ऐकायचा होता.

फोनवर आवाज तुटतो, लॅपटॉपवरच बोलू, असं त्याचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांनी थोरलीच्या बटणांच्या मोबाइलवर मेसेज यायचा, "आत्ता मोकळा आहे. या लवकर." थोरली धावायची, बटण दाबायची. धाकटी विचारायची, "काय दिसतंय ग?" थोरली सांगायची, "गोल फिरतंय." टिंग होऊन बोलायची खिडकी उघडेपर्यंत तिथे कुणी नसायचं. त्याआधीच दुसरा मेसेज येऊन पडलेला, "ताई, दहा मिनिटं थांबलो. निघालो."

तीन वर्षं हेच. "बिचारा वाट बघून गेला ग," धाकटी म्हणायची. मग दोघी मिळून लॅपटॉपचा उद्धार करायच्या.

नवी डिस्क बसली त्याच्या नवव्या दिवशी मेसेज आला. डिस्क आल्यापासून धाकटी रोज चाचपत केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून तयारच बसायची. तो तिला दिसणार नव्हता, पण ती त्याला दिसणार होती. थोरलीने लगेच बटण दाबलं.

टिंग.

दहा सेकंदही लागले नाहीत, दुरुस्तीवाल्याची पाटी वाचली. थोरलीने घाईघाईने खिडकी उघडली. मोठ्या चौकोनात काळोख होता. खाली लिहिलं होतं, "इथे सध्या तुमच्याशिवाय कोणी नाही." कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात गळ्यात टेप अडकवलेली एक म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. ती आपणच, हे कळायला थोरलीला जरा वेळ लागला.

येईल. बसता बसता वेळ लागतो माणसाला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट झालं. तीन झाली.

"काय दिसतंय ग?" धाकटीने विचारलं.

थोरली म्हणाली, "गोल फिरतंय."

"बरं."

सात मिनिटं झाली. मशीनवर अर्धवट फ्रॉक पडला होता, त्याला हात लावावा असं आज तिला वाटेना. नऊ. दहा. काळा चौकोन जागचा हलला नाही. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

अकराव्या मिनिटाला मोबाइल थरथरला.

"वाच की," धाकटी म्हणाली.

थोरलीने वाचलं. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. "ताई, दहा मिनिटं थांबलो. निघालो."

आज लॅपटॉपला कुणीच शिव्या घातल्या नाहीत. धाकटी बराच वेळ गुडघ्यावरची इस्त्रीची घडी बोटांनी चापत बसली. मग उठून चाचपत चिंध्यांच्या पेटीपाशी गेली, तळाशी हात घालून जुनी डिस्क काढली आणि थोरलीच्या हातात ठेवली.

"ताई, टिंग मी ऐकला होता. उद्या ही परत बसवून आण. हिच्यावर तो थांबायचा तरी."