फरशीकाम

अध्यक्षांच्याच बायकोचा पाय मुरगळला, तेव्हा कुठे बगिच्यातल्या उखडलेल्या फरश्या कॉलनीच्या समितीला दिसल्या. ठेकेदार शोधायचं काम अर्थातच अध्यक्षांकडे, म्हणजे अरविंदरावांकडे आलं. अख्खी नोकरी उज्जैनात झाली, तरी त्यांची हिंदी अजून साताऱ्यातच राहायची. टॉवर चौकाच्या गोंगाटात उभं राहूनच त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

"देखो भैया, बगीचे में थोडा फरशी काम करना है. सिर्फ फरशी काम, दुसरा कुछ नहीं!"

"वाह बाबूजी! समझो हो गया," पलीकडून मोठ्या आदराने उत्तर आलं.

आठवड्याने अरविंदराव बघायला गेले. फरश्या होत्या तशाच डुगडुगत होत्या. शेजारी मात्र एक चकचकीत बोर्ड उभा होता: 'मरम्मत कार्य संपन्न'. त्यांचं डोकंच फिरलं. ठेकेदाराला तिथेच बोलावून ते कडाडले, "ये क्या फसवाफसवी है?"

ठेकेदाराने भक्तिभावाने हात जोडले.

"बाबूजी, फर्जी काम तो हम सबका करते हैं. मुँह से बोलकर करवाने वाले आप पहले निकले!"