राजवीरचं वजन

"बारा किलो," बयाबाईंनी ठणकावून सांगितलं. दारात चार म्हशी, पोराला घरचं दूध, हेही वर जोडून दिलं. डॉक्टर दत्तप्रसादनी केसपेपरवर बारा लिहिलं आणि त्या मापानं झटक्याचं इंजेक्शन भरायला सांगितलं.

दीड वर्षाचा राजवीर आजीच्या मांडीवर झटके देत होता. डोळे वर गेलेले, ओठ काळेनिळे. मलकापूरपासून कोल्हापूरपर्यंत बयाबाई त्याला उराशी धरून आल्या होत्या.

संयोगिता सिस्टरनं सिरिंजला हात लावला नाही. आधी वजन करते म्हणाली. डॉक्टर भडकले. वेळ कुठाय, आजी सांगताहेत ना! बयाबाईही आडव्या आल्या.

"काट्यावर नगा घालू बाई. दिष्ट लागती पोराला."

सिस्टरनं ऐकूनच घेतलं नाही. पोर उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्यासकट मोठ्या काट्यावर उभी राहिली. रोज ड्युटीवर आल्या आल्या ती आपलं वजन करायची. वॉर्डातल्या बायका चिडवायच्या, परत बोहल्यावर चढायचंय का बाई? आज सकाळी अठ्ठावन्न भरलं होतं. आता सहासष्ट.

"आठ," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

आठाच्या मापानं इंजेक्शन दिलं. हळूहळू झटका थांबला, छाती संथ वरखाली होऊ लागली. सिस्टर मात्र तिथून हलेना. पोराच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिली. दहा झाले की पुन्हा एकपासून.

डॉक्टरांना घाम फुटला होता. बाराचं गेलं असतं तर श्वासच बंद पडला असता. ती सगळी भीती बयाबाईंवर निघाली. खोटं कशाला सांगितलं, पोराच्या जिवाशी खेळता का? आपण वजन न करता लिहिलं, ते राहिलं बाजूला.

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "चार म्हशी असून पोरगं आठ किलोचं हाय, म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्यांना बोलू नका, डॉक्टर," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "माझा मुलगा, आदर्श, गेला तेव्हा नऊ किलोचा होता. मी अकरा सांगितलेलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या."

तिनं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं, आणि मधेच थांबली.

"तेव्हाही मी नर्सच होते."