वळलेला पूल

खाडीवरचा जिवंत प्रवाळाचा पूल दोन्ही काठांवरून वाढत अर्ध्यावर आला, तेव्हाच पुढच्या वाटेवर खाडीच्या तळाला भेग पडल्याचं कळलं. पूल वळवावा लागणार होता. पलीकडच्या काठावरून पूल वाढवणाऱ्या तुकडीचे प्रमुख सुर्वे भडकले. "मॅडम, आमच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवणार?"

प्रकल्पप्रमुख मृणाल तांडेलनं हुकूम सोडला नाही. तिनं दोन्ही तुकड्यांना होडीतून भेगेपाशी नेलं आणि तिच्यातून वर येणारं खदखदणारं पाणी दाखवलं. "या उकळत्या पाण्यात प्रवाळ मरेल. पूल जगवायचाय. वळण कुठून घ्यायचं, तुम्ही सांगा."

सुर्वेंनी होडीतून वाकून त्या वाफाळत्या पाण्याचा अंदाज घेतला. मग नकाशा पुढ्यात ओढून त्यांनीच नवी वाट आखली.

काही वर्षांनी दोन्ही टोकं एकमेकांत रुजली. मृणाल अलीकडच्या काठावर उभी होती. पलीकडून सुर्वे पुलावरून धावत आले. "मॅडम, आपला पूल जुळला!" आणि दोन्ही काठांवर एकच जल्लोष उसळला.