मागच्या चाकांतली हवा

सोमवारी सकाळी तो खांबाआड जाऊन उभा राहिला तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. समोर त्याची गाडी होती. काल संध्याकाळी त्याने स्वतःच्या पंपाने, मीटर लावून, चारही चाकांत हवा भरली होती. आज ती सोडायला जो कोणी येईल, तो रंगेहाथ सापडणार होता.

तो विमा कंपनीचा सर्वेअर होता. अपघातातल्या गाड्या तपासायच्या आणि मालक कुठे थापा मारतोय ते शोधायचं, हे त्याचं काम. ऑफिसात त्याला भिंग म्हणत. संशय घेणं हा त्याच्या पोटापाण्याचा धंदा; अडचण एवढीच, की घरी येताना तो ऑफिसात ठेवून येणं त्याला जमत नसे.

गेल्या महिन्यात मागच्या डाव्या चाकाच्या अलॉय रिमला तडा गेला. ती बदलली, तर परवा उजव्या रिमला आतल्या बाजूने केसासारखी चीर दिसली. टायरवाल्याने स्टेपनी लावून दिली आणि वर ऐकवलं, "साहेब, मागच्या चाकांत तुम्ही हवा कमी ठेवता. हवा कमी असली की खड्ड्याचा दणका टायर झेलत नाही, थेट रिमवर बसतो. त्यात तुम्ही दिसायला छान म्हणून मोठ्या रिम आणि पातळ टायर बसवलेत."

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर भिंगाने हेच लिहून दावा नामंजूर केला असता. पण हवा तो दर रविवारी संध्याकाळी भरत होता. आणि दर सोमवारी दुपारी मीटर लावलं की मागची चाकं बत्तीसवरून चोवीसवर आलेली असत. पुढची मात्र जशीच्या तशी. चाकं पाण्यात बुडवून पाहिली, बुडबुडा नाही. म्हणजे हवा कोणीतरी मुद्दाम सोडत होतं. आधी त्याने टायरवाल्यावर संशय घेतला. मग वॉचमनवर. मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर, ज्याच्याशी गाडी लावण्यावरून खटका उडाला होता. त्याच्याशी तर त्याने बोलणंच टाकलं होतं.

आतून तो घाबरलाही होता. बाथरूममध्ये पडून आईचा मणका दबला होता. दर सोमवारी तो तिला व्यायामाच्या उपचारांसाठी हॉस्पिटलात नेत असे, आणि ती मागच्याच सीटवर बसे. भर रस्त्यात रिम फुटली तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

लिफ्टचं दार उघडलं. बायको बाहेर आली आणि तिचा हात धरून आई, कमरेचा पट्टा सावरत. 'फोनवर बोलून येतो' असं सांगून तो त्यांच्या आधी उतरला होता. आता चोर कसला येतोय, म्हणून तो चरफडला.

बायकोने आईला गाडीच्या दाराला टेकून उभं केलं. इकडेतिकडे पाहिलं, केसातली पिन काढली आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली. फुस्स आवाज आला.

"अजून थोडी सोड गं," आई हळूच म्हणाली. "गेल्या खेपेला जरा बरं गेलं होतं."

"फार सोडली तर त्यांना कळेल, आई."

"त्याला काय कळतंय? तो शेजाऱ्याला धरून बसलाय."

तो खांबाआडून बाहेर आला. बायकोच्या हातातली पिन खाली पडली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तो म्हणाला. "अशानेच रिम फुटते. चालत्या गाडीत फुटली असती म्हणजे? आई मागे बसते, एवढं तरी बघायचं."

"आई मागे बसतात म्हणूनच," बायको उठत म्हणाली. "त्यांना दणके सोसत नाहीत. ही चाकं बसवल्यापासून एकेक खड्डा त्यांच्या पाठीत जातो. हवा कमी असली की गाडी जरा मऊ जाते."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं होतं त्यांनी."

त्याला आठवलं. गाडी फार आदळते रे, दुखतं, असं आई म्हणाली होती. त्यावर त्याने एक्स-रे उजेडात धरला होता. हाड तर जुळलंय, मग नेमकं दुखतं कुठे? कधीपासून? बसताना की उठताना? काल तर वेगळंच म्हणालीस. आईने पुन्हा तो विषय काढला नाही. दुखणं थांबलं, असं त्याने धरून चाललं होतं.

"परत का नाही बोललीस?" त्याचा आवाज नको तितका चढला. "किती दुखतं? रोज दुखतं?"

"झालं सुरू," आई म्हणाली. "तुझ्या प्रश्नांपेक्षा मला खड्डे परवडले रे, बाबा."

त्याला लाज वाटली. त्याने डिकीतून पंप काढला आणि मागच्या चाकांत पुन्हा हवा भरायला घेतली. आईचा चेहरा उतरला.

"हवा पुरीच लागते," तो खाली मान घालून म्हणाला. "जुनी चाकं माळ्यावर पडलीत. आज संध्याकाळी तीच बसवून घेतो."

त्याने आईला आधार देऊन आत बसवलं, पाठीशी उशी सरकवली आणि गाडी काढली. फाटकाबाहेरच पहिला खड्डा होता. एरवी तो त्यावरून धाडकन जायचा. आज त्याने गाडी जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक हलकेच खाली उतरवून वर घेतलं. मागे हॉर्न वाजायला लागले. एक सायकलवाला त्याच्याकडे पाहून हसत पुढे निघून गेला.

त्याने आरशात पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते.

"दुखलं?"

"छे, अजिबात नाही," आई म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने गाडी आणखी हळू केली.